विलायती मेण

चुडामणदादांनी विचारलं ते इतकं साधं होतं, की दुसऱ्या कुणाच्या कानावरून ते वाऱ्यासारखं निघून गेलं असतं. दुपारच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेला होता. साचे थांबले होते, पण कानातली खडखड थांबायला अजून तयार नव्हती. गिरणीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बापलेक भाकरीचं फडकं सोडून बसले होते. बाप साचेखात्यातला विणकर, लेक स्टोअरमधला कारकून. रोज एवढा अर्धा तास ते एकत्र जेवत, आणि बहुधा मुकाट्यानंच जेवत. आज दादांनी मिरचीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मधू, बेस्तरवारी बाळाच्या कंठीचा चौका हाये. दिव्यासाठी त्या डरममधलं इलायती मेन देशील का थोडं? मूठभर. मांगून घे हेडबाबूले, चोरून नको आनू." मधुकरचा घास तोंडातच राहिला. "दिवा तर तुपाचा लावतात दादा," तो म्हणाला. दादांनी हात झटकला. "बाजारातल्या तुपाचा भरोसा राह्यला का आता? ही लढाई लागली तशी सगळी मिलावट. चरबी टाकतात म्हने तुपात, चरबी! साहेबांच्या दिव्यात चरबी जाळू का मी? तुह्या डरममधलं मेन बरं. असली माल. वास ना चव." आणि गळ्यातल्या तुळशीच्या कंठीला दोन बोटं लावून त्यांनी पुढचा घास घेतला. दादांचे साहेब म्हणजे कबीरसाहेब, आणि चौका म्हणजे त्यांच्या पंथातली पूजा; गुरुवारी तीत मधुकरच्या बाळाच्या गळ्यात पहिली कंठी पडायची होती. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरला ते चुकूनही साहेब म्हणत नसत, 'तो मोठा' म्हणत.

मधुकर उठला, नळावर गेला, चूळ भरली. पाणी थंडगार होतं आणि दात ठणकले. दोन वर्षं त्यानं एक शब्द जिभेखाली धरला होता, लहान मूल औषधाची गोळी धरतं तसा. गिळला नव्हता आणि थुंकलाही नव्हता. आता तो विरघळायला लागला होता.

दोन वर्षांपूर्वी ती पिंपं आली तेव्हाही असाच हिवाळा होता. बैलगाडीतून आठ पिंपं उतरली आणि खळखात्याच्या दारात ओळीनं उभी राहिली. ताण्याचं सूत साच्यावर चढण्याआधी खळीच्या कढईतून काढतात, त्या खळीत पिठाबरोबर आता हा नवा माल पडायचा होता. खळखात्यातला गोटू पिंपाभोवती फिरून आला, बोटानं काळी अक्षरं चाचपली आणि ओरडला, "ए मधूबाबू, हे काय लिखेल हाये रे? बॉम्बगोळा तं नाही?" सुट्टी होती, म्हणून विणकरही गोळा झाले. त्यात दादाही होते. साळ्यांच्या आख्ख्या बिरादरीत इंग्रजी वाचणारा मधुकर एकटा, आणि ते इंग्रजी दादांनी रात्रीचा दिवस करून, हातमाग विकून शिकवलेलं. मधुकरनं मोठ्यानं वाचलं, "एफ, ए, टी. फॅट." लोक गप्प झाले. पोथीतला श्लोक म्हटल्यावर होतात तसे. आणि दादा शेजारच्याला म्हणाले, हळू म्हणाले पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोऱ्या इंग्रजी वाचते तं माझ्या अंगावर मूठभर मांस चढते बाप्पा." लोक हसले. जन्मात मांसाकडे न पाहिलेला, कांदा चिरतानाही आधी कंठी पाठीवर टाकणारा माणूस. त्याच्या अंगावर मांस चढलं. "पन म्हंजे काय ते सांग ना," गोटू म्हणाला. मधुकरला ठाऊक होतं. पिंपांच्या आधी बीजक आलं होतं आणि त्यानंच ते वहीत उतरवलं होतं. त्यात फॅटच्या आधी आणखी एक शब्द होता, ॲनिमल. त्यानं वर पाहिलं तर समोर दादांचे ओठ होते. थंडीनं उललेले, सुताचे बारीक तंतू चिकटलेले. तुटलेला धागा जोडताना विणकर त्याची टोकं ओठात ओली करतो, पीळ देतो, सोडतो. दादा तर पीळ देताना साहेबांचं नावही घेत. त्या ओठांकडे बघत मधुकर म्हणाला, "मेण. मेणच असतं एक. विलायती." हां, मेन, मेन, असं म्हणत लोक पांगले. आठ दिवसांत गोटूच्या तोंडी फॅटचं फ्याट झालं. 'फ्याट कमी पडलं', 'फ्याट वितळलं का रे'. खळखात्याच्या भिंतीसारखा तो शब्द रोजचा झाला, आणि रोजच्या भिंतीला कुणी विचारत नाही तू कशाची.

लोक म्हणतात, खोटं बोलणाऱ्याला झोप लागत नाही. मधुकरला लागली. पहिले सहा महिने छान लागली. मग तो शब्दच त्याला जागोजागी भेटू लागला, ओळखीचा सावकार गल्लीच्या प्रत्येक वळणावर भेटावा तसा. खरं तर त्यांची ओळख फार जुनी. इंग्रजी शाळेतल्या पहिल्या पुस्तकात एक गुबगुबीत कोंबडी होती आणि तिच्याखाली तीन अक्षरं. जोशी मास्तर छडीनं कोंबडी दाखवत आणि मुलं ओरडत, फॅट म्हणजे लठ्ठ! पुढच्या पानावर तसाच एक माणूस होता, पोटावर घड्याळाची साखळी सोडलेला. वर्गात एकच पोरगा अंगानं भरलेला होता, अडत्याचा नंदकुमार. त्याचं नाव त्या दिवसापासून फॅट पडलं. तो रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली आणि मास्तरांना म्हणाली, "माझ्या लेकराले नजर लावता का? चांगलं बाळसं धरेल हाये." आईला बाळसं दिसलं, मुलांना हसू आलं, आणि इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरला. मधुकरला तेव्हा ते फार आवडलं होतं. काय काटकसरीची भाषा आहे! आपल्याकडे लठ्ठ वेगळा, जाड वेगळा, धष्टपुष्ट वेगळा. सून अंगानं भरली तर कौतुक, नोकर भरला तर चरबी चढली. पुढे गिरणीत आल्यावर हेडबाबू कुणाच्या पगाराला फॅट म्हणत, कुणाच्या फायलीला फॅट म्हणत. स्टोअरमध्ये कापडाचं ठाण तोलून हाताशी खेळवत म्हणत, "बघा, अंगात काही नाही, पण खळीनं कसं फॅट दिसतं!" ते खरंच होतं. गरिबाला विकायचं विरविरीत कापड पीठ आणि चरबी पिऊन जाडजूड होई, आणि पहिल्या धुण्यात पुन्हा आपल्या हाडांवर येई. तो शब्द सगळ्यांच्या घरात राहून आला होता. कोंबडीच्या, अडत्याच्या, हेडबाबूंच्या. फक्त तो कोणाच्या अंगातून निघाला, हे मात्र तो सांगत नव्हता. गाय, म्हैस, बकरी, की ज्याचं नाव साचेखात्यातले मोमीन विणकर तोंडातून काढणार नाहीत ते जनावर? बीजकात नव्हतं. मधुकरनं ते तीनदा पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी काम नसताना तो साचेखात्यात गेला. हातात एक कागद घेतला, म्हणजे कुणी विचारणार नाही. आत सुताचे पांढरे तंतू उडत होते आणि माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. दादा चौथ्या रांगेत. धोटा जात होता, येत होता. मग धागा तुटला. दादांनी साचा थांबवला, वाकले, दोन टोकं शोधली आणि ओठांत घेतली. एवढंच. पापणी लवावी तेवढा वेळ. आणि मधुकरला एकदम आई दिसली. इतवाऱ्यातली त्यांची गल्ली, सकाळची कोवळी उन्हं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला ताणा, आणि दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन चालणारी माणसं. सुताची पांजणी. ज्वारीच्या पिठाची खळ आई स्वतः शिजवायची, आणि उतरवण्याआधी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायची. आंबली असेल तर सूत आंबतं, म्हणायची. जे आपल्या तोंडी जात नाही ते सुताला पाजू नये. मग कुंचा फिरवताना तिचा आवाज ताण्याबरोबर लांबत जायचा,

पाज गं सुताला, तान्ह्यावानी पाज
उपाशी सुताला, धोट्याची गं लाज

पाजलं सुताला, पोट त्याचं भरे
माझ्या घरधन्याचा, धोटा नदीवानी सरे

आई गेली ती पिंपं आली त्याच पौषात. हातमाग गेला तो त्याआधी. तिनं पाजलेलं सूत दादा ओठांत धरत, तेव्हा ते तिच्याच हातचं खात. ती सवय घेऊन ते गिरणीत आले. ओठ तेच, नाव तेच, फक्त ताटात वाढणारं कुणी दुसरंच. मधुकरला वाटलं, आत्ता पुढे जावं आणि हात धरावा. दादांनी मान वर केली, लेकाला पाहिलं आणि खडखडाटात नुसते ओठ हलवून विचारलं, 'भेटलं का?' मधुकरनं मान डोलावली. हो की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

शारदाला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. बायकोला सांगितलं की निम्मं ओझं उतरतं. पण आदल्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती बाळाला मांडीवर आडवं घेऊन बसली होती आणि डबीतून बोटावर काही पांढरं घेऊन त्याच्या फुटलेल्या गालांना चोळत होती. "काय आहे ते?" "मामंजींनी दिलं. गोटूभाऊनं दिलं म्हणे त्यांना, मेण. बघा ना, दोन दिवसात कसे मऊ झाले गाल." बाळ आठ महिन्यांचं, पण हातापायांच्या काड्या. दवाखान्यातली डॉक्टरीण मागच्या महिन्यात चिठ्ठीवर इंग्रजीत काही लिहून म्हणाली होती, याला दूध द्या, वरचं, सायीसकट. अंगात फॅट नाही. तिथंही तोच शब्द बसलेला. शारदा चिठ्ठी हातात घेऊन त्याला विचारत होती, "काय लिहिलंय हो? काय नाहीये आपल्या बाळात?" "बाळसं," तो म्हणाला होता. त्या दिवशी त्याचं भाषांतर खरं होतं. आता त्यानं डबी तिच्या हातातून घेतली. "हे नको लावू." "का?" "गिरणीचा माल आहे." "अगबाई, मोठे आले गिरणीचे जावई! मामंजी एवढे कडक, ते लावू देतात आणि तुम्हीच—" तो डबी घेऊन मोरीत गेला. पाणी ओतलं तर ते त्या पांढऱ्या थरावरून मोत्यांसारखं घरंगळलं. राखेनं घासली तेव्हा कुठे ती सुटली. आणि बोटांचा बुळबुळीतपणा जेवताना होता, झोपताना होता.

बुधवारी दिवे लागायच्या आत तो इतवाऱ्याच्या बाजारात गेला. तुकईथडकडच्या रानातून मध, डिंक, चारोळी घेऊन येणारी भागाबाई एका दुकानाच्या ओट्याखाली बसायची. "मेण आहे का, भागाबाई? मधमाश्यांचं. खरं." भागाबाईनं डोळे बारीक केले. "खरंच असते माझ्याजवळ. माशीले इंग्रजी येत नाही, मिलावट कुठून करीन?" ती आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली. मधुकर हसला नाही. पिवळसर, बोटांचे ठसे उमटलेला गोळा तिनं पळसाच्या पानात बांधून दिला आणि म्हणाली, "बाबू, चेहरा असा का? मेन घेऊन चालला का मढं?" तो गर्दीतून निघाला. पान छातीशी धरलेलं. पाय हलके पडत होते. दिवा शुद्ध लागेल. बाळाच्या गळ्यात कंठी पडेल. शब्द जिथं आहे तिथं राहील. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, आणि ती न येण्याइतकं त्याचं इंग्रजी झालं होतं. वस्तूला तो नावानं ओळखत होता. दादा वस्तूला ओठांनी ओळखत होते.

दादा ओसरीवर कापसाच्या वाती वळत होते. शारदा आत बाळाला झोके देत होती. मधुकरनं पान पुढे केलं. दादांनी गाठ सोडली, गोळा हातात घेतला, दिव्याजवळ नेला. नखानं खरवडला. हुंगला. आणि मग, आई खळीचं करायची अगदी तसं, कण बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला.

"हे ते नोहे," ते म्हणाले.

"तेच आहे दादा. नवा माल आलाय."

"मधू. दोन सालं झाले, दिवसातून शंभर डाव ते माझ्या ओठाले लागते. हे गोड हाये. याले फुलाचा वास हाये." त्यांनी गोळा पानावर ठेवला, हळू, जिवंत असल्यासारखा. "हे मेन हाये."

आतला झोका करकरत राहिला. रस्त्यावरून एक टांगा गेला. मधुकरला वाटलं, हा टांगा थांबावा, कुणी उतरावं, काहीतरी मोठ्यानं बोलावं. टांगा गेला.

"मंग ते काय हाये?"

"फॅट."

"ते ठाऊक हाये. ते डरमवर लिखेल हाये. मराठीत सांग."

इतकी वर्षं दादा त्याला इंग्रजीत बोल म्हणत आले होते. पाहुणे आले की बोल, जत्रेत बोल, पोस्टात बोल. मराठीत सांग असं ते आज पहिल्यांदा म्हणाले. जिभेखालची गोळी पार विरघळली होती. कडवटपणा टाळूपर्यंत चढला होता.

"चरबी," मधुकर म्हणाला.

दादांच्या हातातली वात अर्धी वळलेली होती. त्यांनी ती पुरी वळली. तळहातावर नीट सरळ केली, बाकीच्या वातींच्या ओळीत ठेवली. मग विचारलं, "कोनाची?"

"ते लिहिलेलं नसतं दादा."

"एवढी मोठी इंग्रजी," दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, "आन कोनाची ते नाही लिखत?"

मधुकरनं मान खाली घातली. त्याला बोलायचं होतं. तुमचे ओठ पाहिले म्हणून बोललो. तुम्ही काम सोडलं असतं. हातमाग विकलेला, आई अंथरुणावर, कुठं गेलो असतो आपण? पण ही सगळी वाक्यं त्याला त्या स्वस्त कापडासारखी वाटली. खळीनं उभी राहिलेली, पहिल्या धुण्यात पडणारी.

"तुले ठाऊक व्हतं. पहिल्या दिसापासून."

"हो."

दादा उठले. गुडघ्यावर हात देऊन, दोन टप्प्यांत. दारापाशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "त्या दिशी मी म्हनलो व्हतो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं." एवढंच बोलून ते आत गेले. त्या रात्री त्यांनी जेवण घेतलं नाही. शारदानं विचारलं तर म्हणाले, उपास हाये.

गुरुवारी सकाळी नदीवर धुकं होतं. नागझिरी घाटावरच्या मठात जमीन सारवून पिठाचा चौका भरला होता. नारळ, पानं, मधोमध समई. भागाबाईच्या मेणात भिजवलेल्या दादांच्या वाती तिच्यात होत्या आणि त्या जळताना खरंच रानफुलांचा वास येत होता. महंतांनी कौतुकानं विचारलं, तूप कुठलं? मधुकर म्हणाला, "तूप नाही, मेण आहे." 'मेण' तर त्यानं दोन वर्षांपूर्वीही म्हटलं होतं. आज ते खरं होतं, आणि तरी ते म्हणताना त्यानं नजर समईवरच ठेवली. शारदा बाळाला मांडीवर घेऊन बसली. बाळाच्या गालांवर पुन्हा बारीक खपल्या धरल्या होत्या. दादा घरून सगळ्यांबरोबर निघाले होते, वातींची पुडी त्यांनीच आणली होती. पण मठाच्या पायरीशी त्यांनी पुडी मधुकरच्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्ही चला. गळ्यात त्यांच्या कंठी नव्हती. ती जिथं चाळीस वर्षं होती तिथं कातडीवर एक फिकट रेघ राहिली होती. मधुकरला वाटलं, ते येतील. चूळ भरून येतील, पाय धुऊन येतील. भजन सुरू झालं. झांजा वाजल्या. त्याला त्या आवाजातही साचे ऐकू येत होते. दुपारनंतर दादांना कामावर जायचं होतं, चौथ्या रांगेत, आणि धागा तुटणारच होता, धाग्याला कुठं माहीत असतं काही. तेव्हा ते काय करतील? बोट पाण्यात बुडवतील? साचा थांबवून नुसते उभे राहतील? की वाकतील, आणि घेतील ओठांत, आता ठाऊक असून? त्याला पुढचं दिसत नव्हतं. समोर फक्त ज्योत दिसत होती, सरळ, काजळी न धरणारी.

महंतांनी बारीक मण्यांची कंठी पाण्यात बुडवली, वर धरली आणि सभोवार पाहिलं. "बाळाचा आजा कुठे हाये? आज्याच्या हातानं बांधायची. चुडामण!"

झांजा थांबल्या. बाळ ज्योतीकडे बघत होतं. कुणीतरी दाराकडे गेलं, परत हाक मारली. आणि मग घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरून, धुक्यातून, पाण्याच्या आवाजाबरोबर दादांचं उत्तर आलं, नेहमीच्याच शांत आवाजात, थोडं धापत,

"हाये इथंच, महाराज. तोंड धुऊन राह्यलो. तुम्ही बांधा."